नऊवारीच्या आतलं माप

आईनं स्वतःहून फोन करून "मला न्यायाला ये" असं म्हटलं, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे मी ओळखलं.

माझ्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. माहेरचं माण ते माझं निगडी हे अंतर काही फार नाही, पण या सव्वीस वर्षांत आई माझ्याकडे एकदाही मुक्कामाला राहिलेली नव्हती. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा जपून प्यावं अशा समजुतीत ती वाढली. यायची तेव्हा सोबत तांदूळ, वाल, घरचं लिंबाचं लोणचं असं पिशवीभर घेऊन यायची, म्हणजे इथं चार घास खाल्ले तरी ते आपलेच. आणि उन्हं कलायच्या आत परत निघायची. राहा म्हटलं तर म्हणायची, "लेकीकडं ऱ्हातात का कुनी? लोक सुनंला नावं ठेवतील."

आता तीच बाई म्हणत होती, ये आणि घेऊन जा. मी गेले. भाऊ आणि वहिनी चेहरे पाडून उभे. वहिनीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, आमचं काही चुकलं का?" तिचं काहीच चुकलेलं नव्हतं. मी तरी काय सांगणार? आईनं एक जुनं लुगडं घडी करून गाडीच्या सीटवर टाकलं आणि त्यावर बसली. मी म्हटलं, "अगं, सीट स्वच्छ आहे." ती म्हणाली, "असू दे. गार लागतं." मे महिन्यात.

मी चाकणच्या एका कंपनीत गुणवत्ता तपासणीत आहे. आम्ही रबराच्या रिंगा बनवतो. यंत्रांच्या जोडांमध्ये त्या बसतात, म्हणजे तेल नाहीतर पाणी बाहेर येत नाही. रोज सकाळपासून मी त्या रिंगा मोजते, साच्यात बसवते, हवेच्या दाबाखाली पाण्यात बुडवते आणि बुडबुडा येतो का ते बघते. थोडक्यात, गळती शोधण्याचा मला पगार मिळतो. आणि स्वतःच्या घरात ती मला आठ दिवस दिसली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

खुणा सगळ्या समोर होत्या. पहाटे कंपनीची बस पकडायला मी उठायचे, तेव्हा आईचं लुगडं धुऊन गॅलरीत वाळत पडलेलं असायचं. मशीन आहे, कामाला मावशी आहेत, तरी हिचं आपलं हातानं धुणं. तिच्यासाठी भरून ठेवलेला पाण्याचा तांब्या संध्याकाळी जवळजवळ तसाच. सोफ्यावर बसायची नाही, स्वयंपाकघरातल्या लाकडी स्टुलावर बसायची. आणि स्टुलावरून उठली की एक गोष्ट हमखास करायची. मागं वळून बघायची आणि स्टुलावरून तळवा फिरवायची, जसं काही कणीक सांडलीय आणि ती पुसतेय.

मला यातलं पाणी न पिणं तेवढं दिसलं, आणि त्यावरून मी तिला फाडफाड बोलले. माझा स्वभाव तसाच आहे. काळजी वाटली की मी आधी ओरडते. "उन्हाळा आहे, या वयात पाणी नको का प्यायला? आजारी पडून मला कामाला लावणार आहेस का?" तिनं तांब्यावर झाकण ठेवलं. मग म्हणाली, "तहान न्हाई."

गुरुवारी मला सुट्टी असते. त्या गुरुवारी न्हाणीघर घासताना बादलीच्या मागे मला एक ओल्या फडक्याची घडी सापडली. जुन्या लुगड्याचे चौपदरी तुकडे, पिळून, व्यवस्थित एकावर एक रचून ठेवलेले. लघवीचा वास आला आणि सगळ्या खुणांचा उलगडा झाला. बाहेर येऊन आईला विचारलं, "कधीपासून?"

आधी ती रागावली. माझ्या वस्तूंना हात का लावलास म्हणाली. मग डोळ्यांना पदर लावला. मग सांगितलं.

माणला आमच्या गावात बायकांचं भजनी मंडळ आहे. दर एकादशीला दुपारी देवळात बसतात. देवळाच्या मागे आता काचेच्या इमारती उभ्या राहिल्यात, रस्त्यावर कंपन्यांच्या गाड्यांची रांग असते, पण मंडळाची वेळ चुकत नाही. आई त्यात चाल धरते. म्हणजे तिनं पहिली ओळ उचलली की बाकीच्या मागं येतात. वडील गेले त्या वर्षी तिनं चार एकादशा चुकवल्या, तर मंडळाचं भजन ठिकाणावर येईना आणि शेवटी बायका घरी येऊन तिला उचलून घेऊन गेल्या. आईच्या आयुष्यात दुसरं स्वतःचं म्हणावं असं काही मला आठवत नाही. शेत सासऱ्याचं, घर नवऱ्याचं, आता मुलाचं. भजन मात्र तिचं.

"गेल्या येकादशीला वरची पट्टी लागली आन् जोर लावला," आई म्हणाली. "तवा झालं. मला कळलंच न्हाई. उठायच्या टायमाला बघते तर सतरंजी वली. म्या तशीच बसून ऱ्हायले. समद्या उठल्या, मी बसलेलीच. मग म्हनलं आता मरान आलं तर बरं."

"मग?"

"मग काय, देवालाच माजी दया आली. माजी मैतरीन हाय का न्हाई शेजारी, तिच्या हातनं तांब्या लवंडला. समदी सतरंजी वली झाली. माजं लुगडंबी. समद्या तिलाच बोलल्या. पयल्यापासून वेंधळीच हाय ती." आईच्या चेहऱ्यावर तेवढ्यातही थोडं हसू आलं. मग ते गेलं. "पर दर खेपेला तिचा तांब्या थोडाच लवंडनार हाय?"

म्हणून ती माझ्याकडे आली होती. पुढची एकादशी चुकवायला बहाणा हवा होता, आणि लेकीकडे गेले याहून चांगला बहाणा तिला सापडला नाही. वहिनीला कळू द्यायचं नाही, भावाला तर नाहीच. मला सांगायचं तरी कुठं ठरलं होतं? ते माझ्या न्हाणीघर घासण्यामुळे झालं. पाण्यावरून मी तिला किती बोलले ते आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. लघवी तपासली, बाकी तपासण्या केल्या. भलतंसलतं काही नव्हतं. त्यांनी सांगितलं की वयानं आणि बाळंतपणांनी खालचे स्नायू सैल पडतात, खोकला, हसणं, जोर लावणं यानं थोडी लघवी सुटते. व्यायाम दिले, ते नेटानं केले तर काही महिन्यांत पुष्कळ फरक पडेल म्हणाल्या. पाणी कमी करायचं नाही, हे दोनदा बजावलं. "आणि तोवर?" मी विचारलं. "तोवर काहीतरी वापरा. बाजारात खूप प्रकार मिळतात," त्या म्हणाल्या.

खूप प्रकार. आमच्या निगडीत कोपऱ्याकोपऱ्यावर औषधांची दुकानं आहेत, पण मी एकाही दुकानात गेले नाही. का, तर तिथला प्रत्येक दुकानदार मला ओळखतो. चोराच्या मनात चांदणं. आईच्या लाजेवर मी तिला समजावत होते की यात लाजण्यासारखं काय आहे, आणि स्वतः मात्र चाकणला, कंपनीजवळच्या दुकानात खरेदी करायचं ठरवलं. तिथं शिफ्ट सुटल्यावर नुसती गर्दी असते. कुणी डोकेदुखीची गोळी मागतंय, कुणी हाताला लावायचं मलम, सगळे घाईत. मला वाटलं, या गडबडीत कोण लक्ष देतंय.

"मोठ्या माणसांचे डायपर," मी हळू आवाजात म्हटलं.

दुकानदारानं तितक्याच मोठ्या आवाजात विचारलं, "चड्डीसारखे की चिकटपट्टीवाले? पेशंट चालता आहे की झोपून? कंबर किती?"

मागच्या दोन हेल्मेटवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आवाज आणखी खाली आणला. "चालती आहे. चड्डीसारखेच द्या."

"कंबर, ताई?"

आणि मला माझ्या आईची कंबर माहीत नव्हती. केसाच्या जाडीएवढा फरक शोधणारी बाई मी, पण आई केवढी आहे हे मला सांगता येईना. डोळ्यांसमोर आली ती नऊवारीतली, भरदार, पदर खोचलेली आई. "एक्स्ट्रा लार्ज द्या," मी म्हटलं.

"मोजलंय का? यात सैल होऊन चालत नाही."

"माझी आई आहे. मला माहीत आहे ती केवढी आहे ते," मी फणकाऱ्यानं म्हटलं. त्यानं काही न बोलता पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळलं, वर काळी पिशवी चढवली आणि माझ्या हातात दिलं.

आमच्या घरात कपडा नेहमी सैल घेतला जायचा. शाळेचा गणवेश घेताना आई मला दुकानात उभी करायची आणि म्हणायची, "वाढत्या अंगाचा द्या." तो गणवेश पहिल्या वर्षी गुडघ्याखाली लोंबायचा, दुसऱ्या वर्षी बसायचा, तिसऱ्या वर्षी भावाच्या वाट्याला यायचा. चपला सैल, स्वेटर सैल, लग्नातल्या बांगड्यासुद्धा जरा सैल. घट्ट म्हणजे तोटा, सैल म्हणजे बरकत, हे माझ्या हाडात मुरलेलं होतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईसाठी मी वाढत्या अंगाचं डायपर घेऊन घरी आले.

ते घालायला आईला तयार करणं हेच एक प्रकरण झालं. माझ्या आईनं जन्मात कधी चड्डी घातलेली नव्हती. लुगडं नेसणाऱ्या तिच्या पिढीतल्या बायकांना कासोट्याचाच आधार, आत दुसरं काही नसायचं. तिनं ते पांढरं फुगीर प्रकरण दोन बोटांत धरून वर उचललं आणि म्हणाली, "ह्ये मी घालायचं? ह्याच्यात दोन मान्सं बसतील." मी म्हटलं, "सैल बरं असतं. काचत नाही." तिचंच वाक्य तिला परत दिलं होतं, त्यामुळे तिनं नाक मुरडत का होईना ते घातलं.

संध्याकाळी तिला घराजवळ प्राधिकरणातल्या बागेत नेलं. तीन ग्लास पाणी पाजून नेलं, कारण मला खात्री होती. बाकावर बसलो. आई बऱ्याच दिवसांनी मोकळी बोलत होती. समोर एक आजोबा आपल्या नातवाच्या मागं तोल सांभाळत धावत होते, ते बघून ती खळखळून हसली. हसली आणि एकदम थांबली. तिचा हात माझ्या मनगटावर आला. उठलो तेव्हा बाकाच्या फळीवर ओल होती आणि लुगड्याच्या मागच्या अंगाला हा मोठा गडद डाग. मी माझी ओढणी तिच्या कमरेला गुंडाळली. गाडीपर्यंतचं अंतर दोन मिनिटांचं असेल, पण ती ज्या पद्धतीनं मान खाली घालून चालली, ते मला आठवलं की अजून कसंतरी होतं.

घरी आल्यावर ती म्हणाली, "उद्या मला माणला सोड. भजन सोडलं म्हनून सांगते. घरातच बसते आता. तुजंबी काम वाढवलं म्या."

मी पाकीट उचलून पुन्हा वाचलं. मी त्या पाकिटावर भडकले होते. वर लिहिलंय अमुक तास कोरडं राहील, आणि बाई हसली की गळतं. कंपनीला तक्रार लिहायची, दुकानदाराच्या तोंडावर पाकीट फेकायचं, असं काय काय मी रात्रभर मनात रचलं. दोष माझा असेल असं एकदाही वाटलं नाही.

सकाळी कामावर गेले. रिंगांचा नवा माल आला होता. नमुना म्हणून दहा काढल्या, साच्यात बसवल्या, पाण्यात सोडल्या, आणि सातव्या रिंगेतून बुडबुडे आले. मोजली तर आतला व्यास मोठा. रबर उत्तम, जाडी उत्तम, फक्त जरा सैल. मी सवयीनं लाल पेन घेतलं आणि नापास मालाच्या कागदावर कारण लिहिलं : सैल बसते, कडेने गळते. लिहिलं आणि पेन तिथंच थांबलं.

इतकी वर्षं मी हे वाक्य लिहितेय. नव्या माणसांना शिकवते की सामान कितीही चांगलं असो, अंगाला नीट बसलं नाही तर शून्य. हे सगळं कंपनीच्या फाटकाच्या आतलं शहाणपण. सैल रिंग पास केली असती तर मला नोकरीवरून घरी बसवलं असतं, आणि इथं मी माझ्या आईला घरी बसवायला निघाले होते. पहिल्यांदा स्वतःचा राग आला आणि लगेच हायसंही वाटलं. चूक मालात असती तर माझ्या हातात काही नव्हतं. चूक मापात होती, आणि माप घेता येतं.

त्या दिवशी आईला माणला सोडायला गेलेच नाही. संध्याकाळी शिंप्याची टेप घेऊन तिच्यासमोर उभी राहिले. "काय, ब्लाऊज शिवतीस का?" ती म्हणाली. मी म्हटलं, "उभी राहा सरळ. हात वर." तिनं जुनं लुगडं नुसतं गुंडाळून घेतलं आणि मी आतून टेप फिरवली. तिला गुदगुल्या झाल्या, ती हलली, टेप निसटली. परत फिरवली. कंबर एकतीस. मला वाटलं चुकलं. परत मोजली. एकतीसच.

पाकिटावरच्या तक्त्यात हे माप मधल्या साइजमध्ये येत होतं. मी दोन साइज मोठं आणलं होतं. मी टेप हातात धरून तिच्याकडे बघत राहिले. नऊ वार कापडाच्या आत माझी आई एवढीशीच होती. कधी एवढी झाली होती कुणास ठाऊक. तिचा दरारा एवढा, आवाज एवढा, की माझ्या डोळ्यांना ती कायम दुप्पट दिसत आली. मला रडू आलं आणि मी रडले. ती म्हणाली, "आता काय झालं? कंबर बारीक म्हनून रडतीस? लोक ह्याच्यासाठी पैसं देतात."

मधल्या मापाचं पाकीट मी निगडीतूनच आणलं, ओळखीच्या दुकानातून. दुकानदार काळी पिशवी शोधायला लागला तेव्हा म्हटलं, राहू दे, तसंच हातात द्या. त्यातून एक थेंबही बाहेर आला नाही. मी विजयी मुद्रेनं फिरत होते. पण आईचा चेहरा काही खुलेना. दोन दिवसांनी मी चिडून विचारलं, "आता काय झालं? आता तर गळत नाही."

"मला कुनी इचारलं का?" ती म्हणाली.

"बरं, विचारते. काय होतंय?"

"लुगड्यात बाईला संडासला जायाला वेळ लागत न्हाई. कासोटा सरकावला की झालं. ही चड्डी काढायची तर समदं लुगडं सोडावं लागतं. ते सोडूस्तोवर, जे धरून ठिवलं हुतं तेबी जातं. म्हंजी पयलं थोडं गळत हुतं, आता समदंच त्याच्यात. मला काय लकवा झालाय का? मला कळतंय, मला जाता येतंय, तर जाऊ द्या की."

बरोबर होतं तिचं. ज्याला रिंग बसवायची त्या यंत्राला मी विचारलंच नव्हतं. ही सगळी चड्डी-डायपरं पायजमा आणि गाऊनच्या हिशोबानं केलेली. मी म्हटलं, "मग गाऊन घाल ना. आपल्या इमारतीतल्या सगळ्या आज्या घालतात." तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी तो विषय तिथंच सोडला.

मग तिनंच मार्ग काढला. तिच्या पिशवीतून एक सुती नाडी आणि मऊ जुन्या लुगड्याची लांब पट्टी काढली. नाडी कमरेला बांधायची, पट्टी मागच्या बाजूनं नाडीत अडकवून पायांमधून पुढं आणायची आणि पुढं नुसती खोचायची. "चार दिसांत आमी असंच बांधायचो," ती म्हणाली. "शेतात दिसभर वाकून भात लावायचो, कवा डाग पडला न्हाई. ह्यात तुजं काय ते कापसाचं ठिव. पुढची खोच उपसली की मोकळं." पस्तीस वर्षं बंद असलेली विद्या तिच्या बोटांत जशीच्या तशी होती. पकड अशी की ना सैल, ना काचणारी. मी बोट घालून बघितलं. साच्यात रिंग बसावी तशी बसली होती.

आता प्रश्न उरला तो आत ठेवायच्या पॅडचा. लांब, सरळ, पाठीमागे पातळ प्लास्टिक असलेली पॅड मिळतात. मी चार प्रकारची पाकिटं आणली आणि गुरुवारी स्वयंपाकघराच्या ओट्याखाली फरशीवर वर्तमानपत्र पसरून चाचणी मांडली. वाटीनं मोजून कोमट पाणी ओतायचं, घड्याळ लावायचं, वर वजन ठेवायचं आणि कोरडा कागद दाबून बघायचा की ओल परत येते का. वजन म्हणून मी पाच किलो तांदळाची पिशवी उचलली.

"खायाचं तांदूळ त्याच्यावर ठेवतीस?" आई कडाडली. "अक्कल गहान टाकली का?"

"मग वजन कशाचं ठेवू?"

"मी काय मेले का? मीच बसते की."

आणि ती खरंच बसली. स्टूल ओढलं, त्यावर पॅड, त्यावर कागद आणि त्यावर आई, हातात घड्याळ धरून, तोंडावर परीक्षकाचा भाव. मी वहीत नोंद करत होते. पहिलं पॅड कडेनं ओलं झालं. नापास. दुसऱ्याचा आत गोळा झाला. नापास म्हणणार तेवढ्यात तीच म्हणाली, "ह्ये टोचतंय, काढ." तिसरं आणि चौथं, जाड पॅड, दोन्ही कोरडी राहिली. मी म्हटलं, "जाड घेऊ. जास्त पाणी धरतं." ती जाड पॅडवर बसून मुद्दाम डावी-उजवीकडे हलली. कुरकुर कुरकुर आवाज आला.

"वाजतंय ह्ये," ती म्हणाली. "भजनात टाळ वाजावा. ह्ये न्हाई."

आम्ही दोघी इतक्या हसलो की मला फरशीवर बसावं लागलं. ती हसली तेव्हा मी तिच्याकडे घाबरून बघितलं. ती मात्र स्टुलावर घट्ट बसून हसत होती आणि डोळे पुसत होती. तिसरं पास झालं. त्या दिवसापासून तिनं पाणी प्यायला सुरुवात केली. तांब्या संध्याकाळपर्यंत रिकामा व्हायला लागला, आणि रिकामा तांब्या दिसला की मला किती बरं वाटायचं ते मी कुणाला सांगू शकले नसते.

मधली एक एकादशी चुकलीच. त्यापुढच्या एकादशीला मी रजा घेतली आणि तिला माणला घेऊन गेले. आधी वहिनीला सगळं सांगितलं. आईनंच परवानगी दिली होती, "सांग, पर मी न्हाई म्होरं बसनार" एवढ्या अटीवर. वहिनीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एवढंच होतं होय? मला वाटलं आमच्यावर राग आहे." तिच्या चेहऱ्यावरचं ओझं माझ्यादेखत उतरलं. तिनं आईच्या कपाटात एक खण रिकामा केला आणि पाकिटं नीट रचली.

देवळात आई नेहमीच्या जागी बसली, मधल्या ओळीत. मी खांबाला टेकून मागं बसले. तिच्या शेजारी तिची ती मैत्रीण, गावात लग्न होऊन दोघी एकाच वर्षी आलेल्या. मैत्रिणीच्या उजव्या हाताशी पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या होता. तिनं आईकडे बघितलं, "आलीस का?" म्हणाली, "आले," आई म्हणाली, आणि टाळ सुरू झाले.

आईनं चाल धरली. पहिल्यांदा जरा दबकत, नुसती गळ्यातून. दुसऱ्या कडव्याला सावरली. मग वरची पट्टी आली आणि मी खांब सोडून पुढं सरकले. आईनं डोळे मिटले आणि जोर लावला. आवाज थेट कळसाला गेला. मागच्या बायका तिच्या मागोमाग वर चढल्या. बाहेर गाड्यांचे हॉर्न वाजत होते, ते मला ऐकू येईनासे झाले.

तासाभरानं आरती झाली. बायका गुडघ्यांवर हात टेकत उठायला लागल्या. आई उठली. महिनाभर मी तिला उठताना बघत होते. मागं वळून बघणं, तळवा फिरवणं, हे ठरलेलं. ती उठली, पदर खोचला आणि प्रसाद वाटणाऱ्या बाईला "मला खोबरं जास्ती दे" म्हणत सरळ पुढं गेली. मागं बघितलंच नाही.

बघितलं ते मी. आणि तिच्या मैत्रिणीनं. ती अजून खालीच बसलेली होती, तिचा उजवा हात तांब्याच्या गळ्याभोवती घट्ट धरलेला, तांब्या जरासा कलता. तेव्हा मला कळलं की तो तांब्या त्या दिवशी हातातून निसटला नव्हता. ती बाई वेंधळी नव्हती. सगळ्यांची बोलणी खाऊन ती गप्प बसली होती आणि आजही तयारीनं आली होती.

आईच्या जागेवर सतरंजी कोरडी होती, नुसती चुरगळलेली. मैत्रिणीनं तिच्यावरून हलकेच तळवा फिरवला, माझ्याकडे बघितलं, आणि तांब्या उचलून त्यातलं पाणी घटाघटा पिऊन टाकलं.